चुलीवर टांगलेल्या गोळ्या

कर्नाटकात, गोव्याच्या हद्दीला लागून, कॅसलरॉकजवळच्या वाडीत राहायला आलो त्या पावसाळ्यात आठवडाभरात माझ्या चपलांवर बुरशी धरली. पांढरी, मऊ, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. मी माणदेशातली. आटपाडीच्याही पलीकडं आमचं गाव. तिकडं चप्पल झिजते, तुटते, कुत्रं पळवतं, बुरसत नाही. चपला हातात घेऊन मी पडवीत उभी राहिले आणि मला रडू आलं. घरमालकीण आक्का आतून बघत होती. म्हणाली, "रडतीस कशाला गं? चपलाच हायत. नवरा न्हाई बुरसला अजून."

ही आमची ओळख. आक्का पन्नाशीच्या पुढची, अंगानं चिवट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा गोव्यात हॉटेलात. घराची मागची खोली तिनं आम्हाला भाड्यानं दिली. माझा नवरा रेल्वेच्या कामावर, एका ठेकेदाराच्या टोळीत. रुळाच्या कडेची गटारं काढायची, दरड आली की माती उपसायची. मी त्या टोळीच्या भाकऱ्या थापते. माझी शाळा सातवीत सुटली. मराठी वाचता येतं, लिहिताही येतं, पण कानडी तेव्हा औषधालाही येत नव्हती. बसची पाटी वाचता येईना, दवाखान्याची येईना. परक्या मुलखात आपण कधीही हरवू, कुणाला कळणारही नाही, ही धास्ती माझ्या पोटात कायमची बसलेली. आक्काच्या घरात ती थोडी ढिली पडायची.

चपला तिनं माझ्या हातून घेतल्या, पुसल्या आणि चुलीच्या वर नेऊन ठेवल्या. तेव्हा मी पहिल्यांदा वर बघितलं. चुलीवर दोऱ्यांनी बांबूची एक ताटी टांगलेली होती, धुरानं काळी कुळकुळीत झालेली. पावसाळ्यात या मुलखात कोरडी जागा तेवढीच. त्यामुळं घरात जे जे जपायचं ते सगळं तिथं. काडेपेट्या, सुकी मासळी, प्लॅस्टिकात गुंडाळलेलं रेशनकार्ड, तवशाच्या म्हणजे त्यांच्या त्या मोठ्या काकडीच्या बिया राखेत घोळवून ठेवलेल्या, दोडक्याचं बी, मिरचीचं बी. आणि एका कडेला कापडाचं बूच मारलेलं बांबूचं नळकांडं.

"त्यात कसलं बी?" मी विचारलं.

"बी न्हाई ते. औषद."

नळकांड्यात गोळ्या होत्या. कात्रीनं कापलेले पट्ट्यांचे तुकडे, कागदाच्या पुड्या, सुट्या कॅप्सूल. कशावरच धड नाव नव्हतं आणि नावाची गरजही नव्हती, कारण वाडीत गोळ्या रंगावरून ओळखत. लाल-काळी छातीची. पिवळी घशाची. पांढरी लांबडी जोरकस, ती सगळ्यात शेवटी.

यालाही एक रीत होती. कुणी आजारी पडलं, औषध आणलं, की ताप उतरेपर्यंतच खायचं. ताप उतरला की हात राखायचा आणि उरलेलं आक्काकडं ठेवायला द्यायचं. बियाणं दळून खाणाऱ्या माणसाकडं वाडी जशी बघते, तशीच औषध सगळं खाऊन संपवणाऱ्याकडंही बघायची. कारण पावसात झाड पडून रस्ता बंद होतो, जीप येत नाही, आणि नेमकं तेव्हा कुणाचं तरी पोर फणफणतं. त्यानं कुठं जायचं? आक्काच्या दारात. आक्का रंग बघून काढून द्यायची. पुढं तो माणूस बाजारात गेला की त्याच रंगाची गोळी आणून परत करायचा. लाल-काळीला लाल-काळी. बियाणं उसनं नेऊन परत करतात, तितक्याच इमानानं.

मला हे फार आवडलं होतं. आमच्याकडं शेजारणीला साखर उसनी दिली तर वाटी नीट दाबून भरून आली का ते बघतात. इथं माणसं एकमेकांसाठी स्वतःचं औषध अर्धं सोडत होती.

त्याच पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला ताप चढला. दिवसभर ओल्यात उभं राहून छाती भरली होती, बेडका विटकरी रंगाचा पडत होता. ठेकेदाराची गाडी घाटात अडकलेली. आईला फोन लावावा तर रेंज नाही, आणि लागला असता तरी आई तिकडून काय करणार होती? मी त्याच्या उशाशी बसून नुसती त्याच्या श्वासाकडं बघत होते. आक्का आली, त्याच्या कपाळाला हात लावून गेली आणि लाल-काळ्या घेऊन आली.

"खा बाबा," त्याला म्हणाली. "तुज्या बायकोचं रडणं आइकून माजी म्हस आटंल."

ताप उतरला. तो उठून बसला, पेज प्याला, वर लोणचं मागितलं. आक्कानं उरलेल्या गोळ्या माझ्याकडून परत घेतल्या. "साक आता," म्हणाली. कानडीतला हा मी शिकलेला पहिला शब्द. पुरे. मी तिच्या पाया पडले तर पाय मागं घेऊन हसली, "व्हय गं, देवी हाय मी. नारळ कुटं हाय?"

तेव्हापासून मी त्या बाईची झाले. तिच्या म्हशीला पाणी मी दाखवायची, तिच्या पायाला तेल मी लावायची. तिनं मला 'पोरी' म्हटलं की मला गावाकडची आठवण यायची नाही. नवरा त्या गोळ्यांनी बरा झाला की आपोआप झाला असता, हे मला आजही माहीत नाही. पण माझ्यासाठी त्याला आक्कानं उठवलं होतं. तो हिशेब कुठल्या डॉक्टरला माझ्या मनातून पुसता यायचा नाही.

या गोळ्या वाडीत यायच्या कुठून? बाजारच्या गावात एक डॉक्टर बसायचा. डॉक्टर म्हणायचे म्हणून म्हणते. सर्दी असो, खोकला असो, पाठ दुखो, तो कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून द्यायचा. कसल्या, कशाच्या, किती दिवस, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माणसं मेडिकलमधून परस्पर घेतील ही त्याला भीती. आणि मेडिकलवाला तर परस्परच द्यायचा. कागद-बिगद काही मागायचा नाही. पट्टी हातात धरून कात्री उघडून विचारायचा, किती कापू? गोव्यातली पोरं सुट्टीला यायची ती काजूगर आणि कॅप्सूल एकाच पिशवीतून आणायची. पट्टीवरची अक्षरं इंग्रजी, दवाखान्यातला फलक कानडी. औषध अर्धं सोडू नका असं कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलेलं असेलही. आमच्यापर्यंत ते पोहोचलं नाही.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा आक्काला खोकला धरला. आधी नुसता सकाळचा. तिनं लाल-काळी खाल्ली, बरं वाटलं, हात राखला, शेतात गेली. परत आला. परत खाल्ली. मग लाल-काळीनं काही होईना तेव्हा पिवळी. तिनं थोडे दिवस निभावलं. मधल्या भिंतीतून मला तिचा खोकला ऐकू यायचा आणि दर वेळी तो आधीपेक्षा खोलातून येतोय असं वाटायचं. भाकरी थापताना माझा हात थांबायचा. नवरा म्हणायचा, तू तिचा खोकला मोजत बसू नकोस, भाकरी करपते.

"आक्का, जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊ या," मी म्हणाले.

"आन भात कोण कापणार? रानडुकरं?"

"भात राहू दे. तुम्हाला काही झालं तर?"

"झालं तर भात तू काप. माणदेशी बाई, इळा कसा धरतात ते तरी म्हाईत हाय काय तुला?"

ती थट्टा करत होती तोवर मला धीर होता. मग एक दिवस ती थट्टा करेनाशी झाली. बसल्या जागी धाप लागायची. बोलताना वाक्य मधेच सोडून श्वास घ्यायची. जेवणावरची वासना गेली. मुलाला फोन केला. तो म्हणाला, हॉटेलात सीझन आहे, चार दिवसांत येतो, तोवर ओळखीच्याबरोबर चांगली गोळी पाठवतो. आली. तीही पांढरी लांबडीच होती.

आणि मग वाडीनं जे केलं ते मी विसरू शकत नाही. आक्का आडवी पडली हे कळल्यावर बायका एकेक करून आल्या. कुणी पदराच्या गाठीतून, कुणी हळदीच्या डबीतून, कुणी पोराच्या कंपासपेटीतून गोळ्या काढल्या. ज्यांनी कधीकाळी तिच्याकडून नेल्या होत्या त्यांनी आणल्या, ज्यांनी नेल्या नव्हत्या त्यांनीही आणल्या. आक्काच्या अंथरुणाशी एक सूप ठेवलेलं होतं, त्यात टाकत गेल्या. लाल-काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या, एक कुणाच्या तरी गायीच्या औषधातली मोठी चपटीसुद्धा. सूप रंगीत दिसत होतं, हळदीकुंकवाच्या ताटासारखं. पलीकडच्या घरातली वैनी, जिची जीभ वाडीत सगळ्यात तिखट, ती डोळे पुसत म्हणाली, "खा गं आक्का. आमाला उठवलंस, आता तू ऊठ."

परमुलखात इतकी माया मी कुठं बघितली नव्हती. आक्कानं सुपातून थोड्या थोड्या सगळ्या रंगांच्या घेतल्या, कुणाचं मन मोडायला नको म्हणून. मी पाण्याचा तांब्या धरला.

दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला. वाडीत आनंद झाला. आक्कानं सूप झाकून ठेवायला सांगितलं. संध्याकाळी ताप असा चढला की तिला माणूस ओळखेना. ओठ निळसर दिसायला लागले. ते बघितल्यावर मी कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला स्टेशनकडं पळवलं, तिथं उभी असलेली जीप आणली, आक्काला माझ्या अंगावर रेलून बसवलं आणि जोयड्याला निघालो. वाटेतल्या प्रत्येक वळणावर मी तिच्या नाकाशी बोट धरत होते.

जोयड्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी आधी तिला ऑक्सिजन लावला, तशी ती थोडी भानावर आली, मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. ते कानडीत विचारू लागले आणि मी गोंधळून गेले. माझी अडचण आक्कानं ओळखली. नाकावरचा मास्क बाजूला करून, धापा टाकत, तीच डॉक्टरांचं बोलणं मला मराठीत सांगायला लागली. रोगी दुभाष्या आणि बरोबरचं माणूस मुकं. "विचारतोय... कवापासनं खोकला... मी सांगितलं... भात पिवळं झालं तवापासनं... विचारतोय काय काय खाल्लं..."

हे मात्र तिनं अभिमानानं सांगितलं. एवढंच नाही, ओचा सोडून त्यातली गोळ्यांची पुरचुंडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. शुद्धीत असताना कधी सुपातून काढून ठेवली होती तिनं कुणास ठाऊक. डॉक्टरांनी ते रंग टेबलावर पसरले, एकेक उलटून बघितला. ओरडले नाहीत. खाली मान घालून हळू काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय न्हाई," आक्का म्हणाली. "बोलाय लागलाय आपला."

तिथं त्यांनी सुया सुरू केल्या. त्यांच्याकडं होतं ते चांगलं औषध दिलं, दिवसातून चारदा येऊन बघत होते, या माणसाबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. पण ताप हटेना. त्यांनी आक्काचा बेडका डबीत घेऊन तपासायला पाठवला आणि पुढं, निकाल यायच्या आधीच, ॲम्ब्युलन्सनं आम्हाला बेळगावला धाडलं. मला एवढंच कळलं की जंतू कुठल्या औषधानं मरतात ते बघायचंय. आतापर्यंत मला वाटायचं, औषध म्हटलं की जंतू मरणारच. न मरणारे जंतू असतात हे मला त्या ॲम्ब्युलन्समध्ये, तिचा थंड हात धरून बसले असताना, पहिल्यांदा समजलं.

बेळगावच्या त्या मोठ्या दवाखान्यात निकाल आला. वयस्क डॉक्टर शिकाऊ पोरापोरींचा घोळका घेऊन आक्काच्या खाटेशी आले. इथं सगळं मराठीत चाललं होतं, त्यामुळं मला कळत होतं आणि कळत नसतं तर बरं झालं असतं. निमोनिया आहे, म्हणाले, आणि आपण नेहमी देतो त्यातल्या बहुतेक औषधांना हे जंतू दाद देत नाहीत. मग पोरांकडं वळून, पण वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा. हे असं होतं. मनाला येईल ते खायचं, मनाला येईल तेव्हा बंद करायचं. ही माणसं स्वतः मरतात आणि दुसऱ्यांनाही मारतात."

आक्काच्या तोंडावर मास्क होता. तिला बोलता येत नव्हतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. सगळ्या वाडीला उठवणाऱ्या त्या बाईला कुणी असं बोललं नव्हतं. तिच्या सासूनंही नसेल.

मी भित्री बाई, मोठ्या माणसासमोर मला शब्द सुचत नाहीत. घोळका पुढच्या खाटेकडं गेल्यावर मी नर्सताईला धरलं. ती खानापूरकडची होती, आमच्याशी गोडीनं बोलायची.

"ताई, हे जंतू आक्काच्या घरातच तयार झाले काय?"

"असं कसं सांगणार? खोकल्यातनं एकाकडनं दुसऱ्याकडं जातात ते. आयुष्यात एकही गोळी न खाल्लेल्या माणसालाही गाठतात. बाजारात मिळतात, बसमध्ये मिळतात. दवाखान्यातसुद्धा असतात."

"मग डॉक्टर आक्कालाच का बोलले?"

तिनं सलाईनचं चाक फिरवत माझ्याकडं बघितलं. "समोर कोण होतं?"

मग तिनं मला समजावलं. औषध पोटात गेलं की लेचेपेचे जंतू आधी मरतात. ताप उतरतो, माणसाला वाटतं संपलं. पण दणकट होते ते अजून बाकी असतात. तेव्हाच औषध थांबवलं की ते दणकटच वाढतात आणि पुढच्या वेळी तेच औषध त्यांना पुरत नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, म्हणाली, काही औषधं तर डॉक्टरही आता थोड्याच दिवसांची देतात. पण किती दिवस ते त्यांनी ठरवायचं. आणि सर्दीला तर ही औषधं लागतच नाहीत.

मी खाटेखाली चटई टाकून बसले आणि ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आक्का बी कसं राखते ते मी बघितलं होतं. वेलावरचं सगळ्यात दणकट तवशं ती तोडत नाही. त्याला खूण बांधते, पिकू देते, त्याचंच बी काढते, म्हणून तिची तवशी वाडीत नावाजलेली. गोळ्या राखताना आमच्या हातून नेमकं तेच होत होतं, फक्त बी आमचं नव्हतं. दर पावसाळ्यात आम्ही जंतूंचं दणकट बियाणं निवडून ठेवत होतो. हे मी आक्काला कधी सांगितलं नाही. तिला ते माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगलं समजलं असतं, म्हणूनच सांगितलं नाही.

पण मला राग येतो तो आजही जात नाही. सुट्या गोळ्या पुडीत बांधणारा तो डॉक्टर कुठल्या वॉर्डात कुणाचं ऐकून घ्यायला उभा होता? कात्री उघडून किती कापू विचारणारा कुठं होता? औषध अर्ध्यात टाकणं चूक, हे मान्य. पण आक्कानं ते माजून टाकलं नाही, शेजाऱ्यासाठी टाकलं. लोभी असती तर कदाचित त्या खाटेवर पडलीच नसती, हे मी कुणाला सांगू?

शेवटी एक औषध लागू पडलं. सलाईनमधून द्यायचं होतं, डॉक्टर म्हणाले हे चाललं नाही तर आमच्याकडंही फार काही नाही. त्या दिवसांत मी देवाशी बोलले ते इथं लिहीत नाही. चाललं. आक्काचे ओठ पुन्हा तांबूस झाले. मुलगा गोव्याहून येऊन खाटेशी बसला, लाजला, रडला. मास्क निघाल्यावर आक्काचं पहिलं वाक्य होतं, "भात कापलं का कुणी?"

कापलं होतं. वाडीनं.

डॉक्टरांनी घरी सोडताना गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. त्याच डॉक्टरांनी. या वेळी ते हळू बोलले, थकलेले दिसत होते. "तुम्ही शेजारी ना? शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत लक्ष ठेवा. ताप नसला तरी. हे परत उलटलं तर मला काही करता येणार नाही." मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. त्यांनी तिला वाचवलं होतं आणि त्यांनीच तिला भिंतीकडं तोंड करायला लावलं होतं; माझ्या मनात दोन्ही आहेत, शेजारी शेजारी.

मुलाची रजा संपली, तो गेला. डबा माझ्याकडं.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत आक्का उठून अंगणात फिरायला लागली. खोकला गेला, ताप नाही. मी सकाळ-संध्याकाळ गोळी आणि तांब्या घेऊन दारात.

"बरी हाय की मी आता," ती म्हणाली.

"असू दे. घ्या."

"एवढं भारी औषद. बेळगावचं. ऱ्हाऊ दे थोडं, पावसात तुज्याच नवऱ्याला लागंल."

"नको आक्का. तुम्हीच संपवायचंय."

तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली आणि मी उठत नाही हे बघून म्हणाली, "काय बघतीस?" मला शंका होती. मी म्हटलं, "आ करा." "मी काय बाजारातला बैल हाय, दात बघाय?" ती चेष्टेनं म्हणाली असं मला वाटलं. पण तिनं आ केला तेव्हा गोळी गालात होती.

मग मी दर वेळी बघायला लागले. जिच्या पायाला मी तेल लावत होते तिच्या तोंडात मी बोट घालून बघत होते. ती जबडा उघडून डोळे मिटून घ्यायची.

बेळगावचं औषध आलंय हे वाडीत कळलेलं होतं. पलीकडच्या वैनीच्या सासऱ्याला खोकला होता. ती वाटी घेऊन आली. मी आक्काच्या दारातच उभी होते. त्यांना जोयड्याला घेऊन जा, मी जीप सांगते, मी बरोबर येते, म्हटलं. पण यातली गोळी देणार नाही.

"आक्का देईल," वैनी म्हणाली.

"आक्काही देणार नाहीत."

"का? तू कोण? भाड्यानं ऱ्हातीस आन मालकीण व्हतीस व्हय?" मग आतल्या बाजूला बघून आवाज चढवून, "आक्का, आमी तुला सूप भरून दिलं व्हतं गं!"

आक्का आत पाटावर बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. ती माझ्याकडं बघत होती. मी बाजूला व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी झाले नाही. वैनी रिकामी वाटी घेऊन गेली. तिच्या सासऱ्याचा खोकला पुढं आपोआप बरा झाला आणि त्याचंही मला वाडीत ऐकावं लागलं: गोळी दिली न्हाई, तरी देव हाय.

शेवटची गोळी आक्कानं माझ्यासमोर गिळली. मी न सांगता आ करून दाखवला. मग पदरानं ओठ पुसून म्हणाली, "झालं तुमचं समाधान?"

तुमचं. मला वाटलं राग उतरेल, उद्या परत 'पोरी' म्हणेल. उतरला नाही. ती भांडत नाही, खोली सोडा म्हणत नाही. भाजी आली तर वाटीभर देते. पण 'तुमी' म्हणते, 'तुमचं मालक आलं काय' विचारते, जसं ठेकेदाराच्या बायकोला विचारतील तसं. पायाला तेल लावायला गेले तर म्हणाली, नको, दुखत न्हाईत. म्हशीला ती स्वतः पाणी दाखवते. दम लागतो तिला अजून, बादली दोनदा खाली ठेवते, तरी स्वतः दाखवते.

वाडीतल्या गोळ्या आता वैनीच्या चुलीवर असतात. मी प्रत्येकीला सांगून बघितलं. ऐकतात, मान हलवतात, आणि ही कुठं शिकलेली, ही काय सांगणार, असं माझ्याकडं बघतात. जोयड्याच्या डॉक्टरांनी एकदा येऊन पडवीत सगळ्यांना कानडीत समजावलं. काहींनी ऐकलं, एक-दोघी आता औषध पुरतं घेतात, असं म्हणतात. खरं-खोटं त्यांच्या चुलीला माहीत.

परवा पावसाची झड लागली होती. मी भाकऱ्या थापत होते. वाडीच्या खालच्या टोकाची एक नवी सून खोकणारं पोर कडेवर घेऊन आक्काच्या दारात आली. तिला या सगळ्यातलं काही माहीत नसणार. सासूनं जुन्या सवयीनं आक्काकडं पाठवलं असणार. लाल-काळी हाय काय म्हणून ती विचारत होती. माझा हात परातीतच थांबला. आक्का बोलली, भिंतीच्या या बाजूला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं.

"माज्याकडं काय न्हाई गं बाय. सगळं खाल्लं मी."

लाज वाटणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. त्यात कफ नव्हता, धाप नव्हती. एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. मी हात पुसले, छत्री घेतली आणि जीप मिळते का बघायला त्या सुनेच्या मागून निघाले. आक्काच्या दारावरून जाताना तिनं मला बघितलं आणि मान फिरवली.